अंगठीची आतली बाजू

आई घसरून पडली आणि तिचे डावे मनगट मोडले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात पंजापर्यंत सुजला होता आणि अनामिकेतील अंगठी कातडीत रुतून बसली होती. मनगट मोडल्यावर बोटे आणखी सुजणार हे ठरलेलेच असते, आणि अशा वेळी अंगठी बोटात राहिली तर ती रक्तपुरवठाच अडवते, म्हणून ती सर्वांत आधी काढावी लागते. साबणाचे पाणी लावून पाहिले. मग दोऱ्याचा उपाय झाला: दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून सारायचे, उरलेला दोरा अंगठीपासून नखाच्या दिशेने सुजलेल्या भागावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा आणि मग खालचे टोक धरून तो उलगडत जायचे, म्हणजे प्रत्येक वेढ्याबरोबर अंगठी पेराच्या गाठीवरून थोडी थोडी पुढे सरकते. एरवी हा उपाय चांगला लागू पडतो. त्या दिवशी आईला तो सोसवेना. शेवटी परिचारिकेने अंगठी कापण्याचे छोटे यंत्र आणले. त्याची जिभेसारखी पातळ पट्टी अंगठी आणि कातडी यांच्या मध्ये सरकवतात आणि वरची दातेरी चकती हाताने फिरवतात. सोने मऊ असल्यामुळे काही मिनिटांतच ते कापले गेले, दोन चिमट्यांनी कडा ताणून अंगठी उघडली आणि आईने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

ती कापलेली अंगठी मी रुमालात गुंडाळून घरी आणली आणि रात्री दिव्याखाली धरली. जन्मापासून मी ती बाहेरून पाहत आले होते. वरची फुलांची नक्षी जवळजवळ बुजली होती, बारीक चऱ्यांनी धातू मंद झाला होता. आतून मात्र ती आरशासारखी लखलखत होती, कारण ३० वर्षे एकाच बोटाच्या कातडीने तिला घासून उजळवले होते. ७५० या शिक्क्यातला ७ उरला होता, ५ अर्धा होता आणि शून्य बोटाने पुसून टाकले होते. तळहाताच्या बाजूला, जिथे भांड्याची कड, बादलीची कडी, खिडकीचा गज, पिशवीचा बंद असे सगळे सतत घासले गेले होते, तिथे ती नखाइतकी पातळ झाली होती आणि तिची कड बोटाला लागावी इतकी धारदार होती. आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मी ती कधी आतून पाहिलीच नव्हती गं.” अंगठी आपण बाहेरून पाहून निवडतो आणि आतून वापरतो, ही साधी गोष्ट मला तेव्हा कळली.

ती कळण्याची वेळही नेमकी होती. माझे लग्न ठरले होते आणि दोन महिन्यांत साखरपुड्याची अंगठी आणि लग्नाची दोन वळी आम्हाला निवडायची होती. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मनात वेगळेच होते. मला काही न सांगता अंगठी घ्यायची आणि एकदम समोर धरायची, असे त्याने ठरवले होते आणि ते सांगताना त्याचा चेहरा इतका खुलला होता की नाही म्हणणे मला फार जड गेले. पण मी म्हणाले, “कधी देणार ते सांगू नकोस. काय देणार ते मात्र आपण दोघे मिळून ठरवू.” त्याला वाईट वाटले. तरीही मला आज असे वाटते की अनपेक्षित असावा तो क्षण. जी वस्तू पुढे निदान ४० वर्षे दुसऱ्याच्या हातावर राहणार आहे, तिच्याविषयी त्या हाताला आधी विचारावे.

मी दातांची डॉक्टर आहे. दिवसातून कितीतरी वेळा हात धुते, तितक्याच वेळा हातमोजे चढवते आणि उतरवते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हातात काहीच ठेवत नाही, कारण अंगठीखालची ओलसर जागा जंतूंना फार मानवते. उंच बसवलेल्या खड्याने हातमोजा फाटतो. साबण अंगठीखाली अडकून राहिला की कातडीला खाज सुटते आणि ती सोलपटते; माझ्या बरोबरीच्या अनेक जणींनी ते भोगले आहे. माझा नवरा यंत्रांच्या कारखान्यात काम करतो, तिथे फिरत्या यंत्राजवळ अंगठी घालायला सक्त मनाई आहे. अंगठी यंत्रात अडकली तर बोटावरची कातडी मोज्यासारखी ओरबाडून निघते, प्रसंगी बोटही जाते. सोन्याची सुरी झाली म्हणून ती उरात मारून घेऊ नये, ही म्हण आमच्या दोघांच्या कामाला अक्षरशः लागू पडते. म्हणजे आमच्या अंगठ्या रोज निघणार आणि रोज पुन्हा चढणार होत्या. हे आधी मान्य केले आणि मग निवडीला लागलो, याचे मला आजही समाधान आहे.

पहिली चूक मापात झाली. एका सकाळी थंडगार वातानुकूलित दालनात मापाच्या कड्यांचा जुडगा माझ्या बोटात एकामागून एक घातला गेला, एक कडे बरोबर बसले, ते लिहून घेतले आणि त्या मापाने साधे वळे बनवून आले. संध्याकाळी काम संपल्यावर ते निघेना. बोट हे काही लाकडाचे खुंटाळे नव्हे. थंडीत ते आकसते, उन्हात आणि व्यायामानंतर फुगते, खारट जेवणानंतर, प्रवासात, पाळीच्या आधी आणि गरोदरपणात सुजते. उजव्या-डाव्या हाताचे माप बहुधा सारखे नसते, ज्या हाताने आपण काम करतो त्याची बोटे थोडी जाड असतात. शिवाय बोटाला दोन मापे असतात: एक मुळाशी, जिथे अंगठी बसते, आणि एक पेराच्या गाठीवर, जिथून ती जाते. गाठ जाड असेल तर अंगठी गाठीला जेमतेम पार करणारी हवी, म्हणजे जाताना थोडी अडेल आणि तरी मुळाशी गरगर फिरणार नाही.

कागदाची पट्टी गुंडाळून घरी माप घेणाऱ्यांना मी हल्ली आवर्जून सांगते की व्यासात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर घेरात दीड मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि कागद ताणला, सैल पडला, थोडा तिरका बसला तरी तेवढी चूक सहज होते. त्यातून मापांचे आकडे सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेत माप अंकांत सांगतात, ब्रिटनमध्ये इंग्रजी अक्षरांत आणि युरोपच्या बऱ्याच देशांत सरळ आतल्या घेराच्या मिलिमीटरमध्ये. म्हणून दूरवरून अंगठी मागवायची असेल तर माप मिलिमीटरमध्येच लिहावे. दुसऱ्या खेपेला मी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी माप घेतले आणि संध्याकाळच्या मापाला जास्त महत्त्व दिले. रुंद पट्टीला अरुंदपेक्षा थोडे मोठे माप लागते, कारण ती जास्त कातडी दाबते, हेही तेव्हाच उमगले. म्हणून माप पाहायचे कडे शक्य तो आपल्या पट्टीच्याच रुंदीचे घ्यावे.

धातूच्या बाबतीत मला थोडी तयारी होती. दातावर बसवायच्या सोन्याच्या टोप्या शुद्ध सोन्याच्या करत नाहीत, कारण चावण्याचा दाब शुद्ध सोने पेलत नाही, ते चेपते. बोटातल्या अंगठीचे गणित वेगळे नाही. २४ कॅरेट म्हणजे जवळजवळ निव्वळ सोने, २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के आणि १४ कॅरेटमध्ये ५८.५ टक्के सोने असते, बाकीचे चांदी, तांबे आणि इतर धातू. तांबे वाढवले की गुलाबी छटा येते. जास्त कॅरेट म्हणजे जास्त चांगले, हा हिशेब साठवणीच्या सोन्याला ठीक आहे. रोज वापरायच्या आणि त्यातही खडा धरून ठेवायच्या अंगठीला १८ कॅरेट मला सगळ्यांत शहाणपणाचे वाटते. त्यात सोन्याचा पिवळा उबदारपणा राहतो आणि खड्याला धरण्याइतका कठीणपणाही येतो.

पांढऱ्या सोन्याविषयी मात्र विकणाऱ्याने सगळे सांगितले पाहिजे, आणि बरेचदा ते सांगितले जात नाही. पांढरे सोने म्हणून जे चमकते ते बहुधा वरचा रोडियम या पांढऱ्या धातूचा पातळ मुलामा असतो. आतले मिश्रण किंचित पिवळसर असते, मुलामा काही वर्षांत झिजतो, आणि तो आधी तळहाताच्या बाजूने झिजतो. मग पुन्हा मुलामा द्यावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोने पांढरे करण्यासाठी निकेल किंवा पॅलेडियम मिसळतात. निकेलची ॲलर्जी असणारे रुग्ण मी पाहिले आहेत. सतत कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूंतून निकेल किती झिरपू द्यायचे यावर युरोपीय संघाने उगाच मर्यादा घातलेली नाही. ज्याला स्वस्तातल्या कानातल्यांनी किंवा घड्याळाच्या बकलाने पुरळ उठते, त्याने पांढरे सोने घेताना “यात निकेल आहे का?” एवढा एक प्रश्न विचारावाच. अंगठीच्या बाहेरच्या रंगावरून याचे उत्तर मिळत नाही.

प्लॅटिनमचा मोह मला बराच झाला. त्याचा पांढरेपणा अंगचा असतो, अंगठ्यांत ते बहुधा ९५ टक्के शुद्ध असते आणि हातात घेतल्यावर त्याचे वजन चटकन जाणवते. त्याच घडणीची अंगठी १८ कॅरेट सोन्यापेक्षा साधारण एक-तृतीयांशाने जड होते. त्यावर चरे सोन्याइतकेच पडतात, पण चऱ्यातला धातू बाजूला सरकतो, झिजून निघून जात नाही, म्हणून प्लॅटिनमची नखे, म्हणजे खडा पकडणारे बारीक आकडे, खड्याला दीर्घकाळ धरून ठेवतात. मी ते घेतले नाही, कारण दिवसभर बारीक उपकरणे धरणाऱ्या हाताला ते वजन खुपले. टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या वळ्यांवर सहसा चरा पडत नाही हे खरे, पण त्यांचे माप बदलता येत नाही. नेहमीच्या यंत्राने ती कापताही येत नाहीत, अडचणीच्या वेळी पकडीत दाबून तडकवावी लागतात. आईच्या हाताची सूज पाहिल्यावर मी नवऱ्याला ती घेऊ दिली नसती.

खड्याविषयी आमच्यात खरा वाद झाला. त्याला हिराच हवा होता, तोही दिसण्याजोगा. नाकापेक्षा मोती जड होईल असे मी म्हणाले, तर तो म्हणाला, “साखरपुड्याची अंगठी म्हणजे हिरा, हे कुणालाही विचार.” ही समजूत फार जुनी नाही. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण तो राजघराण्यांचा व्यवहार होता. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि ते विपुल झाले. १८८६ मध्ये टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांनी सहा नखांवर खडा उचलून धरणारी घडण आणली, तीच आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. आणि १९४७ मध्ये फ्रान्सेस गेरेटी या जाहिरात-लेखिकेने डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी हिरा हा कायमचा असतो अशा अर्थाची एक ओळ लिहिली, तिने जगभरच्या तरुण-तरुणींच्या मनात घर केले. अंगठी किती महिन्यांच्या पगाराची असावी हा हिशेबसुद्धा जाहिरातींनीच शिकवला. एखाद्याचे प्रेम त्याच्या पगाराच्या पावतीवरून मोजावे, याइतके अन्यायाचे काही असेल असे मला वाटत नाही. व्हिक्टोरिया राणीला अल्बर्टने दिलेली अंगठी पाचू जडवलेल्या सापाची होती, आणि १९८१ मध्ये डायनाच्या बोटात होता तो नीलम.

हिरा मला नकोसा होता असे मुळीच नाही. हिऱ्याच्या पाण्याला तोड नाही आणि ते पाणी मुख्यतः पैलूंच्या घडणीतून येते. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गोल हिऱ्याच्या पैलूंची प्रमाणे गणिताने मांडली, तेव्हापासून गोल हिऱ्याची घडण त्याच दिशेने सुधारत आली. वजनावर डोळा ठेवून खोल कापलेला हिरा कागदावर मोठा असतो आणि बोटावर लहान व मंद दिसतो. हिऱ्याच्या बाबतीत कॅरेट हे वजनाचे माप आहे: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो आणि अर्ध्या कॅरेटचा सुमारे पाच मिलिमीटर. म्हणजे वजन निम्मे झाले तरी रुंदी निम्मी होत नाही. पुरा एक कॅरेट भरताच भाव उडी मारतो, म्हणून त्याच्या किंचित आतला हिरा घेणारा शहाणा. आणि खडा नेहमी खिडकीपाशी नेऊन पाहावा, कारण दालनातल्या बारीक झोतांखाली काचही नाचते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांकडे नाक मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये असा हिरा पहिल्यांदा खात्रीने बनला. कार्बन तोच, रचना तीच, कठीणपणाही तोच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढूनही टाकला. फक्त काय घेतो आहोत ते घेण्याआधी स्पष्ट सांगितलेले असावे आणि प्रमाणपत्रावर लिहिलेले असावे. पुढे मोडीत काढताना दोन्हींना सारखी किंमत येणार नाही, हेही तेव्हाच समजून घ्यावे.

एक समजूत मात्र धोक्याची आहे. ऐरणीवर ठेवून घण मारला तरी खरा हिरा फुटत नाही, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. हिऱ्यावर दुसऱ्या कशाने चरा पडत नाही हे खरे, कारण खनिजांचा कठीणपणा १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोसच्या मापात त्याला १० अंक आहेत. पण चरा न पडणे वेगळे आणि न फुटणे वेगळे. हिऱ्याच्या आत चार दिशांना अशी प्रतले असतात की त्या रेषेत घाव बसला तर तो दुभंगतो, आणि कडेला टवका तर त्याहून सहज उडतो. टोकदार आकारांच्या हिऱ्यांची टोके म्हणूनच झाकून घ्यावीत. माझ्या व्यवसायात हे मोजमाप रोजचे आहे: दाताच्या वरच्या कवचाचा कठीणपणा सुमारे ५, आणि ते कोरायच्या आमच्या टोकांवर हिऱ्याचीच भुकटी असते. हवेतल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७. त्याहून मऊ खडा नुसत्या धूळ पुसण्यानेही हळूहळू अंधुक होतो. मोती अडीच ते साडेचार, ओपल साडेपाच ते साडेसहा. ही रत्ने मला अतिशय आवडतात आणि रोजच्या अंगठीत ती पाहिली की माझा जीव खालीवर होतो. पाचू अंकाने कठीण असला तरी त्याच्या पोटात भेगा असतात आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या असतात, म्हणून त्याला गरम पाणी आणि सफाईची यंत्रे सोसत नाहीत.

आम्ही शेवटी नीलमावर आलो. नीलम आणि माणिक ही एकाच खनिजाची, कुरुंदाची, दोन रूपे आहेत. कठीणपणा ९ आणि हिऱ्यासारखी दुभंगणारी प्रतलेही नाहीत. नवऱ्याने तो निळा खडा खिडकीपाशी धरला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “याच्यात उजेड आत जातो आणि तिथेच राहतो.” मला वाटते त्याने हिऱ्याचा आग्रह त्याच क्षणी सोडला होता. खडा कोंदणात बसवायचा असे मी ठरवले होते. नखांवर उचललेल्या खड्यात उजेड चहूकडून येतो, पण नखे कपड्यांत, केसांत, हातमोज्यांत अडकतात, झिजतात, आणि एका नखाने दगा दिला की खडा जातो. माझ्या एका मैत्रिणीचा असाच गेला आणि तो गेल्याचे तिला दुसऱ्या दिवशी समजले. कोंदणात धातूची कड खड्याला चहूबाजूंनी कवेत घेते. तरीही वर्षातून एकदा अंगठी कानाशी धरून हलवून पाहावी. बारीक टकटक आली तर खडा सैल झाला आहे.

अंगठी घडताना मला सगळ्यांत आनंद झाला तो मेणाच्या नमुन्याने. मेणात आकार कोरायचा, त्याभोवती जिप्समचा साचा ओतायचा, तापवून मेण जाळून घालवायचे आणि त्या पोकळीत वितळलेले सोने जोराने फिरवून भरायचे; यातली मेण जाळून धातू ओतण्याची मूळ रीत प्राचीन आहे. विल्यम टॅगर्टने १९०७ मध्ये ती दंतवैद्यकात रूढ केली आणि शिकत असताना मी स्वतः तशा कितीतरी टोप्या केल्या आहेत. कारागिराने निळ्या मेणाची माझी अंगठी तळहातावर ठेवली तेव्हा तिला वजनच नव्हते. मी ती अलगद बोटात घातली, शेजारी वळ्याचा मेणाचा नमुना घातला, आणि लगेच दिसले की कोंदण वळ्यावर टेकते आहे, दोहोंत फट राहते आहे. कारागीर म्हणाला, “ताई, वळ्यालाच बाक देतो, दोन्ही एकमेकांत बसतील.” मी नको म्हणाले. बाक दिलेले वळे अंगठीवाचून अर्धवट दिसते, आणि कामाच्या दिवशी मी नुसते वळेच घालणार होते. मग कोंदण मिलिमीटरभरापेक्षाही कमी उचलले आणि वळे सरळ राहिले. मेणात असा बदल सुरीच्या एका फिरवण्यात होतो, सोन्यात त्यासाठी पुन्हा घाट घालावा लागतो. ज्यांना अंगठी बनवून घेणे शक्य आहे, त्यांनी मेणाचा नमुना बोटात घालून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वळ्यांकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, कारण साध्या वळ्यात पाहायचे काय, असे वाटते. मला ते उलट वाटते. साखरपुड्याची अंगठी कार्यक्रमाला जाताना चढते; वळे रात्री झोपेतही बोटात असते. त्याची आतली बाजू सपाट असेल तर कडा रुततात आणि खाली ओल साचते, आतून हलकी गोलाई दिलेली असेल तर ते गाठीवरून सहज सरकते आणि कातडीला जेमतेम टेकते. जाडी दीड मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नये, हे मला आईच्या अंगठीने शिकवले. दोन्ही अंगठ्या एकाच बोटात शेजारी राहणार असतील तर धातू एकाच कसाचा असावा, कारण कठीण धातू शेजारच्या मऊ धातूला गपचूप खातो. सगळ्या घेराला खडे असलेल्या वळ्याचे माप नंतर बदलणे फार कठीण असते. बोटे तर वयाबरोबर बदलतातच.

ते घालायचे कोणत्या बोटात, यावरही आम्ही बोललो. चौथ्या बोटातून एक शीर थेट हृदयाकडे जाते असे रोमन लोक मानत. शरीरशास्त्र शिकताना मला तशी वेगळी शीर कुठे आढळली नाही. पण ते बोट निवडण्यात व्यवहाराचा शहाणपणा आहे: अनामिका एकटी फारशी हलत नाही, तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांना जोडलेले असतात, म्हणून तिच्यावर घासाघीस कमी होते. हात कोणता हेही सगळीकडे सारखे नाही. जर्मनी, नॉर्वे, रशिया इथे लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात. आपल्या भाषेत त्या बोटाला नावच नाही, अनामिका म्हणजे बिननावाची, आणि माणसे आपली नाती नेमकी त्याच बोटाला सांगतात, हे मला फार आवडते.

नवऱ्याच्या मनाला एक गोष्ट लागत होती. रोज सकाळी वळे काढून ठेवायचे, मग ते घालायचे कशाला, आणि लोक काय समजतील? पुरुषांनी लग्नाची अंगठी घालण्याची चाल अमेरिका, ब्रिटन अशा पाश्चात्त्य देशांतही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पसरली, घरापासून दूर गेलेल्या सैनिकांना ती जवळ असावीशी वाटली. मी त्याला म्हणाले, “तुझी बोटे मला वळ्यापेक्षा हवी आहेत.” तो आता ते गळ्यातल्या साखळीत, सदऱ्याच्या आत ठेवून कामाची जागा गाठतो आणि यंत्राजवळ जाण्यापूर्वी साखळीसकट काढून कपाटात ठेवतो. संध्याकाळी दारातून आत येताना ते बोटात असते. माझे वळे काम चालू असताना दवाखान्याच्या खणात, झाकणाच्या छोट्या डबीत असते. सिंकच्या कडेवर अंगठी क्षणभरही ठेवायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ती धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरते. टूथपेस्टने अंगठ्या घासणाऱ्यांना तर मी कळकळीने थांबवते, कारण दात घासण्यासाठी तिच्यात जी बारीक कणी घातलेली असते, ती सोन्यावर चरे पाडते.

आतल्या बाजूला काय लिहायचे, यावर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घेतला. इंग्लंडमध्ये १६व्या-१७व्या शतकांत प्रेमाची एखादी ओळ आतून कोरलेल्या अंगठ्या देत. ती ओळ फक्त घालणाऱ्याच्या कातडीला लागून राही. त्याच काळात जुळ्या कड्यांच्या अंगठ्याही होत्या, मिटल्या की दोन्ही कडी एक दिसत. आम्हाला तारीख कोरायची नव्हती. मी रात्री उशिरा दवाखान्यातून निघाले की तो फोनवर एकच शब्द विचारतो, आणि मी एकच शब्द सांगते. माझ्या वळ्यात त्याच्या अक्षरात ‘पोचलीस?’ आहे आणि त्याच्या वळ्यात माझ्या अक्षरात ‘पोचले’. लेझरने हस्ताक्षर जसेच्या तसे उतरते, पण ते उथळ असते. म्हणून कारागिराने त्यावरून पुन्हा हाताने कोरणी फिरवली, थोडी खोल.

आईचा हात प्लास्टरमधून निघाला तेव्हा अनामिकेच्या मुळाशी फिकट कातडीचे एक वळे अजून तसेच होते. तिची अंगठी वितळवून आमच्यात घालावी असे तिनेच सुचवले होते, पण ते मला करवले नाही. त्याच कारागिराने तळहाताकडचा झिजलेला भाग काढून टाकला, १८ कॅरेटचाच जाड तुकडा तिथे झाळला, आणि आईची गाठ वयाने वाढली होती म्हणून माप थोडे मोठे केले. बाहेरून सांधा दिसत नाही. आतून दोन पुसट रेघा दिसतात आणि त्यांच्यामधल्या सोन्याचा रंग किंचित वेगळा आहे. आई ती घालते तेव्हा अंगठ्याच्या नखाने त्या रेघा चाचपते, त्या तळहाताच्या बाजूला येईपर्यंत अंगठी फिरवते आणि मग कामाला लागते.